गॅसच्या फायरप्लेसलाही तपासणी हवीच

गॅसच्या फायरप्लेसमध्ये, म्हणजे घर उबदार ठेवणाऱ्या भिंतीतल्या शेकोटीत, राखच होत नाही, मग तिची दरवर्षी तपासणी कशाला, असा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेतील आमच्या घरात लाकडाची आणि गॅसची असे दोन्ही प्रकार असल्याने थोडी भर घालतो.

ओले लाकूड जाळले की धूर थंड पडून चिमणीच्या आत क्रिओसोटचा, म्हणजे डांबरासारखा आणि सहज पेट घेणारा थर बसतो. म्हणून लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या आत असावा, आणि तो मोजताना ओंडका ताजा फोडून मीटरच्या पिना आतल्या बाजूला टोचाव्यात, कारण साल वाळली म्हणजे गाभा वाळला असे नव्हे. काढलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीतच, घरापासून दूर ठेवावी. आजी रात्री निखारा राखेत पुरून सकाळी त्यावरच चूल पेटवत असे, राखेत निखारा जिवंत राहण्याचा तोच गुण येथे घातक ठरतो.

गॅसचा धोका मात्र दिसत नाही. धूरनळीत पक्ष्याने घरटे केले, तर गंधहीन विषारी वायू कार्बन मोनॉक्साइड घरात साचू शकतो, त्यामुळे त्याचा अलार्म हवाच. गॅसच्या ज्योतीभोवती शोभेसाठी मांडलेले सिरॅमिकचे नकली ओंडके जागचे हलले आणि ज्योत त्यांवर आदळू लागली की काजळी धरते. काचेवरचा पांढुरका थर काच पूर्ण थंड झाल्यावर, अमोनिया नसलेल्या क्लीनरनेच पुसावा. पायलटची, म्हणजे मुख्य बर्नर पेटवणारी लहान ज्योत वारंवार विझत असेल, तर बहुधा थर्मोकपल, म्हणजे ती ज्योत पेटलेली आहे हे ओळखणारा उष्णतेचा सेन्सर, खराब झालेले असते. ते काम मी तंत्रज्ञावरच सोपवतो.