पुणे–नागपूर नक्की किती? ६०५, ७०० की ८८१ किमी

(सोसायटीच्या ग्रुपवरच्या गप्पा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

*बी-३०४:* पुढच्या आठवड्यात आईबाबांना घेऊन नागपूरला जायचंय. एका साइटवर अंतर ६०५ किमी, नकाशावर ७००च्या वर, रेल्वेच्या अॅपवर ८८१. खरं कुठलं? आणि विमानाला सव्वा तासच लागतो ना?

*ए-१०२:* तिन्ही खरी. ६०५ म्हणजे पुण्याचा लोहगाव विमानतळ ते नागपूरचा सोनेगाव विमानतळ सरळ रेषेत, ७०० रस्त्याने, ८८१ रेल्वेने. रेल्वे दौंडवरून अहिल्यानगर, मनमाडकडे वर जाते, मग भुसावळ, अकोला, वर्धा. एवढा वळसा, म्हणून अजनीला (नागपूरचंच स्टेशन) जाणाऱ्या वंदे भारतलाही १२ तास.

*सी-७०२:* रस्त्याने संभाजीनगरपर्यंतच ५ तास जातात. पुढे सावंगीला समृद्धी महामार्गावर चढलात की सुसाट, पण वेगमर्यादा १२० आहे आणि कॅमेरे आहेत. निघण्यापूर्वी टायर गार असताना हवा तपासा. उन्हात काँक्रीटवर सलग पळवलं की जुने टायर फुटतात. एकूण १०-११ तास धरा.

*बी-३०४:* काकू, गाडी नकोच. बाबा ७४ वर्षांचे आहेत.

*ए-१०२:* मग विमानच. ताशी ८३० किमीने ६०५ किमीला ४४ मिनिटं व्हायला हवीत. पण तो वेग फक्त वर गेल्यावर मिळतो. १०,००० फुटांखाली साधारण ताशी ४६० किमीची मर्यादा, शिवाय चढणं-उतरणं. म्हणून हवेत तासभर. तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकत जाणंही धरलेलं असतं. लोहगाव हवाई दलाचा तळ, प्रवासी विमानांना एकच धावपट्टी, रांग लागतेच.

*डी-५०१:* हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून, त्यामुळे जाताना ४-५ मिनिटं वाचतात, येताना तेवढीच जातात. पावसाळ्यात उलट होऊ शकतं. त्यावरून विमान निवडू नका 😄

*ए-१०२:* घर ते घर हिशेब बघा. कोथरूड–लोहगाव सव्वा तास, दीड तास आधी पोचायचं, विमान १ तास २० मिनिटं, सामान २०, सीताबर्डीपर्यंत ३५. झाले ५ तास.

*सी-७०२:* सामानाचं काउंटर बहुतेक ६० मिनिटं आधी बंद होतं, गेट २५ मिनिटं आधी. लोक गेटवरची वेळ बघून निघतात आणि बॅगेपाशी अडकतात. १५ किलो बॅगेत, ७ हातात. पॉवर बँक हातातच. येताना संत्र्यांची पेटी याच १५ किलोंत मोजली जाते हं.

*डी-५०१:* बाबांसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, ४८ तास आधी तरी. पैसे पडत नाहीत. आयत्या वेळी मागितली तर मिळते, पण थांबावं लागतं.

*बी-३०४:* मेट्रोने जावं का लोहगावला?

*ए-१०२:* वनाझ–रामवाडी ४० मिनिटांच्या आत, पुढे रिक्षा. दुपारच्या विमानाला उत्तम. पण पहिली मेट्रो सहाच्या सुमारास, त्यामुळे साडेसातचं विमान असेल तर टॅक्सी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.