पेट्रोल उतरतं तेव्हा बैलगाडी कुठे असते?

रिझर्व्हला लागलेला
राज्यात सर्वांत महाग पेट्रोल परभणीत, ही बातमी आली की आम्हा परभणीकरांना फुकटचा मान मिळाल्यासारखं वाटतं. कारण साधं आहे. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून येतो आणि जवळपास तीनशे किलोमीटरचं भाडं दरात चढतं. वर राज्याचा व्हॅट टक्क्यांत, म्हणजे भाड्यावरही कर.

पण माझा राग भाववाढीवर नाही, भाव उतरतो तेव्हाच्या चलाखीवर आहे. मे 2020 मध्ये कच्चं तेल मातीमोल झालं होतं. केंद्राने एका रात्रीत पेट्रोलवर 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर चढवला. पंपावरचा आकडा जागचा हलला नाही, म्हणून कुणी बोंबललंही नाही. पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क, म्हणजे केंद्राचा कर, लिटरमागे 32.98 वर गेलं. पुढे नोव्हेंबर 2021 मध्ये 5 आणि मे 2022 मध्ये 8 रुपये कमी केले, तेव्हा केवढा गाजावाजा! एप्रिल 2025 मध्ये पुन्हा 2 वाढवले, पुन्हा पंपावर शांतता. चढला की 'आंतरराष्ट्रीय बाजार', उतरला की तिजोरी.

आणि आंदोलनं? 1973 मध्ये वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. 2021 मध्ये मुंबईत काँग्रेसची बैलगाडी कार्यकर्त्यांच्या वजनानं मोडली. पक्ष बदलले, बैल तेच. मे 2020 मध्ये मात्र एकही बैल बाहेर निघाला नाही.

लाल डब्याचा प्रवासी
असहमत. माझ्याकडे गाडी नाही. ज्याच्याकडे आहे त्यानं रस्त्याचे, धुराचे पैसे भरावेत, यात चूक काय? बहुतेक कच्चं तेल आपण बाहेरून आणतो. ते स्वस्त करून आणखी जाळायचं? हा कर काढलात तर ती रक्कम कुठून तरी येणारच. साबणावर लावू?

रिझर्व्हला लागलेला
काढा कुठे म्हटलंय? उतरलेल्या भावातला थोडा तरी वाटा द्या म्हटलंय. आणि 'गाडीवाला' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे एसयूव्ही येते. देशात पेट्रोल सर्वांत जास्त पितात दुचाक्या. आमच्या पंपावर सकाळी आठला उभे राहा: गवंडी, कुरिअरची पोरं, दुधाचे कॅन बांधलेले. "पन्नासचं टाक" म्हणतात. पन्नासात अर्धा लिटरही येत नाही. एसयूव्हीवाला डिझेल भरतो आणि त्यावरचं शुल्क पेट्रोलपेक्षा कमी. आता बोला.

घाटावरची
लाल डबा काय पाण्यावर चालतो? जानेवारी 2025 मध्ये एसटीचं तिकीट 14.95 टक्क्यांनी वाढलं, कारणांत डिझेलही होतंच. गाडी नसलेलाही हा कर भरतो, फक्त त्याला पावती मिळत नाही.

लाल डब्याचा प्रवासी
तिकिटाचा मुद्दा मान्य. मग एसटीला डिझेलवर सूट मागा, सरसकट सगळ्यांना कशाला?

बांदेकर
आमच्याकडची गंमत ऐका. 2012 मध्ये पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ शून्यावर आणला, लिटरमागे अकराएक रुपये उतरले. बांदा-सावंतवाडीची माणसं गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला टाकी भरायला जाऊ लागली. "हंय भरतलो कोण?" तिजोरी काही बुडाली नाही, पण पुढे गोव्यानं तो व्हॅट हळूहळू परत वाढवलाच. सरकारला या नळाची सवय लागते, मग तो कुणालाच बंद करवत नाही.

हिशेबनीस
सगळे केंद्रावर घसरलेत, म्हणून राज्याचं सांगतो. 2015 मध्ये महाराष्ट्रात दुष्काळासाठी म्हणून लिटरमागे 2 रुपये अधिभार लागला. 2016 मध्ये पाऊस बरा झाला. दुष्काळ गेला, अधिभार मात्र मुक्कामाला राहिला.

पण राज्यांचीही अडचण आहे. मे 2022 नंतरच्या पेट्रोलवरच्या 19.90 रुपये उत्पादन शुल्कापैकी राज्यांना वाटून दिलं जातं ते मूळ शुल्क फक्त 1.40. बाकी सेस आणि विशेष शुल्क, ज्यात राज्यांचा वाटा नाही. म्हणून व्हॅट हाच त्यांचा आधार. 'जीएसटीत आणा' ही मागणी प्रत्येक पक्ष विरोधात असताना करतो. सप्टेंबर 2021 मध्ये जीएसटी परिषदेच्या लखनौच्या बैठकीत विषय निघाला तेव्हा राज्यांनी नकोच म्हटलं. त्यात सगळ्याच रंगांची सरकारं होती.

लाल डब्याचा प्रवासी
म्हणजे केंद्र आणि राज्य, दोघांपैकी कुणालाच हे बदलायचं नाही. मग बैलगाडी काढून उपयोग काय?

रिझर्व्हला लागलेला
उपयोग नसेल, पण निदान भाव उतरल्याच्या दिवशी काढून बघू. तोवर आज 210 चं टाकलं. दोनशेचं सांगितलं की पोरगा मीटरवर हात मारतो, असा आमच्याकडे समज आहे. खरं-खोटं देव जाणे, पण कराबाबतही असं काही आकडा बदलून जमलं असतं तर!