चार्टर शाळांना खरंच मोकळीक असते का?

निशिगंध:
आम्ही अमेरिकेत असतो, लेक चौथीत आहे, चार्टर शाळेत, म्हणजे सरकारी पैशावर चालणारी पण स्वतंत्रपणे चालवली जाणारी शाळा. अ‍ॅडमिशनच्या वेळी सांगितलं होतं की इथे सगळं प्रोजेक्टमधून शिकवतात, म्हणून तर घातली. पण यंदा शाळेच्या सनदेचं, म्हणजे शाळा चालवायच्या परवानगीचं, रिन्यूअल आहे आणि जानेवारीपासून रोज दोन तास नुसता रीडिंग आणि गणिताचा सराव चाललाय, ओढ्याच्या पाण्याचा प्रोजेक्ट अर्धवट सोडला, पोरगी रडकुंडीला आलीय. मोकळीक म्हणतात ती हीच का?

वाटसरू:
मुळात तो सौदा होता. 1991 ला मिनेसोटात चार्टर शाळांचा पहिला कायदा झाला तेव्हा म्हणणं साधं होतं, कसं शिकवायचं ते तुम्ही ठरवा, पण मुलं शिकली नाहीत तर सनद जाईल. मग 2002 मध्ये नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड हा देशभराचा कायदा आला, तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन-गणिताची परीक्षा, चार्टरलाही. 2015 च्या नव्या कायद्याने राज्यांना बरीच सूट दिली पण परीक्षा तशाच राहिल्या. टेक्सासमध्ये तर लागोपाठ तीन वर्षं रेटिंग नापास आलं की सनद रद्दच करावी लागते. आता शाळेचा जीवच जर दोन विषयांच्या मार्कांवर टांगलेला असेल तर वेळापत्रक कोण ठरवतंय सांगा? कागदावर मुख्याध्यापक, प्रत्यक्षात परीक्षा.

कावेरी:
थोडं वेगळं मत. मी शिकवायचे ती चार्टर शाळा भर फेब्रुवारीत बंद पडली, पैशांचा घोळ, आणि पालकांना कळलं शेवटच्या आठवड्यात. माझ्या वर्गातली मुलं वर्षाच्या मध्यात चार शाळांत विखुरली, ते अजून डोळ्यासमोर येतं. त्यामुळे ऑडिट नको असं कुणी म्हटलं की मला रागच येतो. हिशोब तपासल्याने शिकवण्याच्या पद्धतीला काही होत नाही हो. न्यू ऑर्लिन्समध्ये 2012 पासून मुलाला काढून टाकायचा निर्णय बहुतेक चार्टर शाळांच्या हातून काढून एका ठिकाणी नेला, शाळांची सत्ता कमी झाली हे खरंय, पण मुलांना ते हवंच होतं. माझा आक्षेप फक्त "कसं शिकवता" यात नाक खुपसणाऱ्या नियमांना आहे, आणि लहान शाळेला त्या रिपोर्टांचा जाच जास्त, कारण मोठ्या नेटवर्ककडे त्यासाठी वेगळा माणूस असतो, लहान शाळेत तेच काम शिकवणारा माणूस रात्री बसून करतो.

वाटसरू:
हिशोबाचं पटलं. निशिगंध, एक करा, शाळेचा ऑथरायझरशी, म्हणजे सनद देणाऱ्या संस्थेशी, जो करार असतो तो मागवा. बरेच ऑथरायझर टेस्टच्या जोडीला शाळेची स्वतःची उद्दिष्टं घालू देतात, म्हणजे प्रोजेक्टचं काम, पोर्टफोलिओ वगैरे. कित्येक शाळा ते मागतच नाहीत, मग मोजायला उरतात फक्त मार्क.

निशिगंध:
हे माहीतच नव्हतं! बोर्डाची मीटिंग मंगळवारी आहे, पालकांना बसता येतं. करारात प्रोजेक्टचं एक तरी उद्दिष्ट आहे का ते विचारते, आणि नसेल तर रिन्यूअलच्या अर्जात घाला म्हणून अजून दोन-तीन आयांना घेऊन जाते.