‘आमची साइट फक्त क्रोममध्ये चालते’: हे चालवून घ्यायचं का?

रानवाटा
एका सार्वजनिक सेवेच्या अर्जात फायरफॉक्सवर ‘पुढे’ दाबलं तरी पान हलत नाही. मदत कक्ष म्हणतो, क्रोम वापरा. हे उत्तर आपण मुळीच मान्य करू नये. दक्षिण कोरियाचं काय झालं बघा. १९९० च्या दशकात अमेरिका भक्कम एन्क्रिप्शन (माहिती कुलूपबंद करायची पद्धत) बाहेर जाऊ देत नव्हती, म्हणून कोरियाने ‘सीड’ ही स्वतःची पद्धत काढली. ब्राउझरना ती येत नव्हती, मग ती अ‍ॅक्टिव्हएक्स या ब्राउझरला जोडायच्या मायक्रोसॉफ्टच्या तंत्रातून बसवली. अ‍ॅक्टिव्हएक्स चालायचं ते विंडोजवरच्या इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच. मॅक, लिनक्सवाल्यांना नेटबँकिंग बंद. अमेरिकेने २००० मध्ये निर्बंध सैल केले, पण तोवर कायदा आणि बँका सगळंच या व्यवस्थेतल्या सरकारमान्य डिजिटल प्रमाणपत्राभोवती (ऑनलाइन ओळख आणि सही) उभं राहिलं होतं. त्याचं कायदेशीर खास स्थान गेलं डिसेंबर २०२० मध्ये!

खटपट्या
तुलना पटली नाही. क्रोमचा गाभा असलेला क्रोमियम मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही वापरता येतो. एज, ऑपेरा, ब्रेव्ह त्याच्यावरच चालतात. आमची टीम तिघांची. सफारीवर नीट तपासायचं तर अ‍ॅपलचं मशीन हवं, आणि त्या दिवसांचे पैसे ग्राहक देत नाही. शिवाय आम्ही ब्राउझरमधून सर्किट बोर्डात प्रोग्रॅम भरतो. त्याला वेब सिरियल, म्हणजे ब्राउझरने जोडलेल्या उपकरणाशी थेट बोलायची सोय लागते, ती सफारीत नाही. अ‍ॅपलने २०२० मध्येच खासगीपणाचं कारण देऊन नकार दिला होता. आम्ही काय करायचं?

रानवाटा
तुमचं कारण खरं आहे. पण मग ब्राउझरमध्ये ती सोय आहे का, एवढंच तपासा. ब्राउझरचं नाव वाचून माणसाला परत पाठवू नका. जुन्या साइट नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरची ‘मोझिला’ ही ओळख बघून चांगलं पान द्यायच्या, म्हणून आज क्रोमसुद्धा आपली ओळख ‘मोझिला/५.०’ अशी सांगतो. अशा ओळखीवर कसला भरवसा ठेवायचा? आणि साध्या अर्जाला वेब सिरियल कशाला लागतं?

ओसरी
मी ई-सेवा केंद्र चालवते. डिजिटल सहीच्या टोकनसाठी (पेनड्राइव्हसारखं यंत्र) इंटरनेट एक्स्प्लोरर जपून ठेवायचे दिवस मी काढलेत, मायक्रोसॉफ्टने जून २०२२ मध्ये तो बंद केला तेव्हाची धावपळही. तरी सांगते, समोरच्या माणसाला पावती हवी असते. एकच ब्राउझर नीट चालत असेल तर माझी तक्रार नाही. फक्त ते पहिल्या पानावर लिहा. सगळी माहिती भरून, कागद चढवून झाल्यावर कळलं की लोक रडकुंडीला येतात, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो.

सांजवेळ
ओसरीताई, पण आयफोनवाल्याने काय करायचं? आपल्याकडच्या आयफोनवर क्रोम घेतलं तरी आत गाभा अ‍ॅपलचा वेबकिटच, म्हणजे सफारीचाच. ‘क्रोम वापरा’ ही सूचना त्याने पाळली तरी पान अडायचं तिथे अडेलच.

खटपट्या
आयफोनचा मुद्दा बिनतोड आहे. मग सरकारी निविदेतच लिहा: क्रोमियम, फायरफॉक्स, सफारी तिन्हींवर तपासणी, आणि तिचे दिवस बजेटमध्ये धरा. छोट्या खासगी साइटवर मात्र ही सक्ती नको, यावर मी ठाम आहे.