आफ्रिकेची काजू बी थांबवली की खानापूरचा दर वाढेल?

जांबोटीकर
काल इथं एकानं लिहिलं, "आफ्रिकेची काजू बी बंद करा, खानापूर-चंदगडच्या शेतकऱ्याला आपोआप दर मिळेल." हे अजिबात पटत नाही. आपली बी निघते मार्च ते मे. पुढं कारखान्यात बी फोडायच्या कटरवर बसणाऱ्या बायकांना काम कशावर द्यायचं? टांझानिया-मोझांबिकची बी ऑक्टोबरनंतर येते, आपली संपल्यावर. तिनं आपला दर कसा पडेल?

नंदगड पेठ
अर्धंच सांगितलंत. आयव्हरी कोस्ट, बेनिन, घानाची बी फेब्रुवारी ते जून, ऐन आपल्या हंगामात. तिचाच भाव दाखवून व्यापारी इथं दर पाडतात. शेतकऱ्याला पावसाआधी माल काढायचा असतो, तो थांबणार कसा?

जांबोटीकर
पश्चिम आफ्रिकेचं मान्य. पण खरा घाटा उताऱ्यात आहे, म्हणजे बीतून किती गर निघतो त्यात. एक किलो बी फोडून चांगला गर तोला. २७२ ग्रॅम भरला तर ८० किलोच्या पोत्याला ४८ पौंड पडतो, २५० भरला तर ४४. आपल्याकडं फोडून बघतंय कोण? चांगली-वाईट सगळी एकाच भावात. त्यात ओल दहा टक्क्यांच्या वर असली की पोतं आतून तापतं, बुरशी धरते, गर डागाळतो.

नंदगड पेठ
ओलीचं खापर शेतकऱ्यावर फोडू नका! बी दोन-तीन दिवस उन्हात घालायला खळं लागतं, राखण लागते. गाडी दारात उभी आणि हातात उचल घेतलेली असली की झाडाखालची बी तशीच काट्यावर जाते. वर ओलीची तूट म्हणून पोत्यामागं दोन किलो कापतात, तेही ओल न मोजता. ओल मोजायचं यंत्र काट्याशेजारी का नसतं, ते सांगा आधी.

जांबोटीकर
यंत्र पाहिजेच, त्यावर वाद नाही.

शहापूर
ओलीतून बाहेर या जरा. १९९० च्या दशकात जागतिक बँकेच्या दबावाखाली मोझांबिकनं कच्च्या बीवरचा निर्यातकर उतरवला. बी भारताकडं वळली, तिथले कारखाने बंद पडले, हजारो कामगार घरी बसले. मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्च या अर्थतज्ज्ञांचा हिशोब बघा: तिथल्या शेतकऱ्याला घरटी वर्षाला पाचेक डॉलर जादा. बाकीचा फायदा मधल्यांनी खाल्ला. आपले कारखाने चालले ते तिथं कुलूप लागून.

जांबोटीकर
म्हणून आपण बी घ्यायची नाही? मग सगळी व्हिएतनामला जाईल. यंत्रावर बी फोडून तो कधीच आपल्या पुढं गेलाय.

शहापूर
घ्या की. पण २०१९ च्या बजेटात आपण गरावरचं आयात शुल्क ४५ वरून ७० टक्के केलं. कच्ची बी स्वस्तात आत, सोललेला गर दाराबाहेर. आफ्रिकेत कारखाने उभे राहू नयेत अशीच ही रचना आहे. श्रीमंत देशांनी आपल्या मालाशी हेच केलं तेव्हा आपण ओरडलो होतो.

नंदगड पेठ
गरावरचं शुल्क उठवलं तर एरंडेल लावून, टरफलाच्या तेलानं काळ्या पडलेल्या बोटांनी बी फोडणाऱ्या बायका उद्या घरी बसतील. ते मी मागणार नाही.

शहापूर
मीही नाही मागत. पण मोझांबिकनं १९९९ ला कर परत वाढवला, त्याला चूक म्हणू नका.

जांबोटीकर
नाही म्हणत. आयात बंदीनं दर वाढेल हे मात्र अजून पटलेलं नाही. बाजार समितीत नमुना फोडून उताऱ्यावर भाव ठरू दे, ओल यंत्रावर मोजू दे, मग बंदीचं बोलू.