‘डिस्चार्ज’ला मराठीत काय म्हणावं? दोषमुक्ती, बेबाकी की फारखती?

विचारणा (भाषांतरकार)
मंडळी, एका शब्दाशी अडलेय. लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या न्यायालयानं आपला अर्थसंकल्प कसा वापरला, हे युरोपीय संसद दरवर्षी तपासते आणि समाधान झालं तर ‘डिस्चार्ज’ देते. फ्रेंचमध्ये ‘देशार्ज’. या ठरावाचं मराठी सार करायचं आहे. कार्यालयातल्या एकानं ‘दोषमुक्ती’ सुचवलंय, ते मला पटत नाही. गंमत म्हणजे हा डिस्चार्ज न्यायालयाला किंवा न्यायाधीशांना नसतोच. पहिल्याच कलमात तो ‘न्यायालयाच्या रजिस्ट्रारना’ दिला, असं म्हटलेलं असतं. मग नेमकं काय दिलं?

उत्तर (वकील)
‘दोषमुक्ती’ अजिबात नको. अमक्याचा दोषमुक्तीचा अर्ज फेटाळला, अशा बातम्या आपण रोज वाचतो. तो शब्द आला की आरोपपत्र आलंच. न्यायालयावरच खटला होता आणि संसदेनं सोडून दिलं, असा अर्थ वाचक काढेल. ‘रजिस्ट्रार’ला मात्र ‘प्रबंधक’ म्हणा. कुलसचिव विद्यापीठात, निबंधक सहकार खात्यात, उच्च न्यायालयात प्रबंधक. लक्झेंबर्गला तो न्यायालयाच्या अध्यक्षांच्या अधिकाराखाली सगळं प्रशासन पाहतो, म्हणून हिशेबाचं उत्तर त्यानं द्यायचं.

उत्तर (निवृत्त सहकारी लेखापरीक्षक)
ताई, आमच्याकडचा शब्द बेबाकी. कर्ज फिटलं की विकास सोसायटी बेबाकी दाखला देते. हल्ली हिंदीच्या नादानं ‘बेबाक’ म्हणजे सडेतोड असं मराठीतही लिहितात. तो ‘बाक’ म्हणजे भीती, त्यातला. आपला ‘बाकी’तला. पण तुमच्या कामाला बेबाकी तोकडी पडेल, कारण तिच्यात फक्त येणं-देणं संपतं. प्रबंधकानं संसदेचं कर्ज काढलेलं नाही. दुसऱ्याचा पैसा त्यानं सांभाळून खर्च केला, त्याचा जाब संपतो आहे.

उत्तर (मोडी वाचक)
मग फारखतीच. ‘फारिग’ म्हणजे मोकळा आणि ‘खत’ म्हणजे लेख. देणं-घेणं, कारभार, भागी मिटली की मोकळं केल्याचा लेख म्हणजे फारखती. कमाविसदारांचे, म्हणजे पेशवाईतल्या महसूल अधिकाऱ्यांचे, हिशेब पुण्याच्या हुजूर दफ्तरात तपासले जात. त्या व्यवहाराला हा शब्द परका नव्हता.

विचारणा करणारी
शब्द झकास आहे, पण आजच्या वाचकाला ‘फारकत’ म्हणजे काडीमोड. ‘संसदेनं न्यायालयाला फारकत दिली’ असा मथळा कुणी केला तर? ‘हिशेबमंजुरी’ कसं वाटतं?

उत्तर (जर्मनीत राहणारा)
मंजुरीनं निम्मंच काम होतं. जर्मन शब्द ‘एन्टलास्टुंग’, म्हणजे ओझं उतरवणं. इथे कंपन्यांच्या वार्षिक सभेत ताळेबंद वेगळा आणि संचालकांची एन्टलास्टुंग वेगळी. हिशेब मान्य होतो कागदाचा, मोकळा होतो माणूस.

उत्तर (लेखापरीक्षक)
हे महत्त्वाचं. आपल्या सोसायटीच्या सभेत ‘ताळेबंद व नफा-तोटा पत्रकास मंजुरी देणे’ हा विषय असतो, पण संचालकांना मोकळं केल्याचा ठराव नसतो. सरकारी खर्च तपासणारी लोकलेखा समितीही अहवाल देते, शिफारशी करते, पण ‘या वर्षाच्या जबाबदारीतून तुम्ही सुटलात’ असं सभागृह मतदान घेऊन कुणाला सांगत नाही. प्रथाच नाही, म्हणून तयार शब्द सापडत नाही.

उत्तर (राज्यशास्त्राचा प्राध्यापक)
त्यातून न्यायालयांची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा प्रशासकीय खर्च अनुच्छेद १४६ नुसार संचित निधीवर ‘भारित’ असतो, ‘दत्तमत’ नव्हे. संसदेत त्यावर बोलता येतं, मत टाकता येत नाही. युरोपात मतदान दोनदा होतं: खर्चाआधी अर्थसंकल्प ठरताना आणि खर्च झाल्यावर डिस्चार्जच्या वेळी. हा अधिकारही एकदम मिळाला नाही. १९७० च्या करारानं तो मंत्रिपरिषदेबरोबर, म्हणजे सदस्य-राष्ट्रांच्या मंत्र्यांच्या परिषदेबरोबर, वाटून मिळाला, १९७५ च्या करारानं एकट्या संसदेकडे आला. त्याच करारातून १९७७ मध्ये ‘कोर्ट ऑफ ऑडिटर्स’ उभं राहिलं. त्याला कृपा करून ‘लेखापरीक्षक न्यायालय’ लिहू नका. तिथे खटले चालत नाहीत. लेखापरीक्षा मंडळ म्हणा.

आणि ‘संसदीय नियंत्रण’ही नको. न्यायालयावर संसदेचं नियंत्रण म्हटलं की निकालांवर दाब आला. इथे ‘देखरेख’ पुरे. निकाल काय दिला, हे संसद विचारत नाही. तो द्यायला किती महिने लागले आणि त्यासाठी किती माणसं लागली, हे विचारते.

विचारणा करणारी
हो, ठरावांत तसंच आहे. न्यायाधीशांच्या सरकारी गाड्या आणि चालक, बाहेरची व्याख्यानं नि कार्यक्रम, हितसंबंधांची घोषणापत्रं, इमारतींचा खर्च. २०१५ च्या सुधारणेनंतर सामान्य न्यायालयात (‘जनरल कोर्ट’, याच संस्थेतलं खालचं न्यायालय) दर सदस्य-राष्ट्राचे दोन न्यायाधीश झाले, तर त्यानं कामाला वेग आला का, हेही. खर्चाचा मोठा वाटा पगारांचा. आणि माझ्या जातभाईंचा मुद्दा आहेच: २४ अधिकृत भाषा, त्यामुळे कर्मचाऱ्यांत मोठी फौज कायदा शिकलेल्या भाषांतरकारांची. आतलं काम मात्र फ्रेंचमध्ये.

उत्तर (वकील)
पण सीमारेषा प्रत्यक्षात इतकी सरळ नाही. २०१७ मध्ये लेखापरीक्षा मंडळानं न्यायालयाच्या प्रकरण-व्यवस्थापनावर विशेष अहवाल दिला. फाइल कुठे आणि का रखडली, हे पाहायचं तर आतले कागद लागणार, आणि तिथेच न्यायाधीशांच्या विचारविनिमयाची गुप्तता आडवी येते. एखादं टिपण प्रशासनाचं की निकालाचं, हे ठरवायचं कुणी? माझ्या मते संसदेनं अशा वेळी हट्ट सोडावा. गाड्यांबद्दल हवं तेवढं विचारावं.

उत्तर (लेखापरीक्षक)
माझं मत उलट आहे, वकीलसाहेब. ‘गोपनीय आहे’ हे उत्तर मी नोकरीभर ऐकलं आणि बहुतेक वेळा त्या फाइलीत गोपनीय काही नसायचं. ताई, ठरावाबरोबरच्या क्रमांकित मुद्द्यांना ‘आक्षेप’ म्हणू नका. त्यांत कौतुकही असतं. ‘निरीक्षणे’ म्हणा. संस्थेनं त्यावर नंतर काय केलं, त्याला ‘अनुपालन’.

विचारणा करणारी
मग असं करते. मजकुरात ‘२०__ या वर्षाच्या हिशेबाच्या जबाबदारीतून प्रबंधकांना मुक्त केले’ असं पूर्ण वाक्य, आणि जिथे एकच शब्द हवा तिथे ‘हिशेबमुक्ती’. फारखती तळटीपेत, मोह आवरत नाही म्हणून. आता शेवटची अडचण: संसद कधी निर्णय लगेच न देता पुढे नेते. ‘तहकूब’ की ‘लांबणीवर’?

उत्तर (वकील)
तहकूब सभा होते. लांबणीवर टाकण्यात टाळाटाळीचा वास येतो. ‘राखून ठेवली’ लिहा, निकाल राखून ठेवतात तसं.

उत्तर (प्राध्यापक)
चालेल. आणि नाकारली तर सरळ ‘नाकारली’. त्यानं आपोआप कुणाची खुर्ची जात नाही. १९९६ च्या हिशेबासाठी युरोपीय आयोगाला, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाला, ती १९९८ च्या अखेरीस नाकारली आणि मार्च १९९९ मध्ये जाक सांतेर यांच्या अध्यक्षतेखालच्या त्या आयोगानं राजीनामा दिला खरा, पण मध्ये स्वतंत्र तज्ज्ञांचा अहवाल आला होता. उलट मंत्रिपरिषदेला २००९ च्या अर्थसंकल्पापासून संसद सतत नाकारत आली आहे, आणि परिषदेचं कामकाज चालूच आहे.