बुटांवरचा रंग का तडकतो

वर एका ताईंनी लिहिलंय की लेकाच्या जुन्या बुटांवर काढलेलं चित्र बोटांच्या घडीवर तडकलं. ताई, खालची चकाकी नडली असणार. चामड्यावर कारखान्यातला थर असतो. तो ॲसिटोनच्या बोळ्यानं उतरवा (खिडकी उघडी ठेवून!), मग चामड्याचाच ॲक्रिलिक रंग, अगदी पातळ हात, एक वाळल्यावर दुसरा. जाड हात घडीवर सोलणारच. कॅनव्हास असेल तर साध्या ॲक्रिलिकमध्ये फॅब्रिक मीडियम (रंग कापडावर लवचीक राहावा म्हणून घालायचं द्रावण) मिसळा.

आणि कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधनं (चपलांच्या बाजारातनं) आणलेल्या कोल्हापुरीवर हेच करतो म्हणणाऱ्या भावा, थांब की! बाभळीच्या साली-हिरड्यात कमावलेलं कातडं ते, रंग थेट पितं. डाग पडला की पुसून निघत नाही. त्यात तेल मुरलेलं असेल तर रंग धरायचाही नाही. वेणीला हात लावू नकोस, कडेला काय ती नक्षी काढ.